कूलरचा पत्रा

रात्री तीनला निंबाची फांदी कवेलूंवर आली
तेव्हा आम्ही दोघंही जागेच होतो, हे नंतर कळलं.
आधी आवाज. मग पांघरुणावर माती.
मग पाऊस,
चप्पल न काढता सरळ आतल्या खोलीत.

सकाळी मोजलं. बावीस कवेलू फुटले,
एक वासा मधोमध मोडला,
आणि माझ्या शिलाई मशीनवर
पिकल्या निंबोण्यांचा सडा.

गुणवंता मिस्त्रीला फोन लावला.
"पाण्यात नाई होत ताई, अन् मी इकडे
मोमीनपुऱ्यात अडकून आहो. उद्या पाहू."
उद्यापर्यंत घरातले गंज पुरणार नव्हते.
भाताचा गंज, डाळीचा गंज, पितळी गंगाळ,
सगळे जमिनीवर बसून
आपापला पाऊस मोजत होते.

यांचा गुडघा मागच्या साली बदलला.
म्हणून हे खाली, मी वर.
शिडी नव्हती. कूलरचं स्टँड होतं,
त्याच्यावर स्टूल, स्टुलावर मी.
"पडशीन."
"मंग झेला."

कूलर तसाही मे महिन्यातच मेला होता,
पंपासकट.
त्याच्या पाठीचा पत्रा कापला,
शेजारच्या प्रफुल्लची कात्री आणून.
पत्र्यावर लाल रंगात अजून वाचता येत होतं:
चि. सौ. कां. सुलोचना हिस
मामाकडून सप्रेम भेट.
मामांनी तो गोंदियाहून आणला होता,
पॅसेंजरच्या डब्यात, टीसीशी भांडत,
"माणसाचं तिकीट घेतलं, हवेचं काहून घेऊ?"
मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

वर पोचले आणि पाहिलं,
हे तर ठिगळ आहे.
ठिगळ मला येतं.
पाचपावलीतल्या किती शाळकरी पँटींचे गुडघे
माझ्या हातून दुसऱ्यांदा चालायला लागले.
चारही बाजूंनी चार बोटं दाब ठेवायचा,
कापड असो की पत्रा.
वरच्या ओळीच्या पोटात सरकवायचा,
खालच्या ओळीच्या अंगावर सोडायचा,
पाण्याला शिवण दिसू द्यायची नाही.

वाशाला जुन्या पलंगाची पट्टी बांधली.
तारेला पीळ दिला. अजून एक दिला.
पाऊस मानेवरून पाठीत उतरत होता
आणि मला घाई नव्हती.

एकतीस वर्षं या घरात राहते,
त्याचं डोकं आज पहिल्यांदा पाहिलं.
केस विरळ झालेत, शेवाळ आलंय,
एका कोपऱ्यात कोणाची तरी
हरवलेली प्लास्टिकची बॅट.
चार छपरं सोडून निमजेंचा म्हातारा
निळी ताडपत्री ओढत होता, लुंगी खोचून.
त्याने हात वर केला.
मीही केला, पक्कड धरलेला.
एरवी आम्ही बोलत नाही, नळाचं भांडण आहे.

आनंदबिनंद म्हणतात ते हेच का, माहीत नाही.
एवढंच सांगते,
त्या अर्ध्या तासात बँकेचा हप्ता
एकदाही आठवला नाही,
आणि पक्कड हातात अशी बसली होती
जशी फक्त माझी कात्री बसते.

"थांबलं का?" मी वरून ओरडले.
खालून उत्तर नाही.
मग ह्यांचा आवाज, हळू, जसं कोणी झोपलंय घरात:
"गंगाळाचं थांबलं.
डाळीचंही.
भाताच्या गंजात एक थेंब पडला आता...
थांब...
नाई. नाई पडून राहिला."

उतरले तर चहा तयार होता, आलं जास्त झालेलं.
ह्यांनी गंज पुसला आणि त्यातच तांदूळ धुतले.
मी ओल्या लुगड्यानंच बसले.
वर पाऊस वाजत होता,
बाकी सगळीकडे कवेलूंवर वाजतो तसा,
आणि मधेच तेवढ्या हातभर जागेत
वेगळा, कडक, टणटण,
मामा बोलायचे तसा.

संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला.
"ताई, सकाळी येऊन राहिलो, नक्की."
"ये बाप्पा," मी म्हटलं,
"पण चहा प्यायले ये."