पान सत्तेचाळीस, ओळ सहा

तालुक्याच्या अर्थसंकल्पात, पान सत्तेचाळीस, ओळ सहा:
'राखीव दलास साहाय्य'.
वर भटक्या कुत्र्यांची लस, खाली मिरची महोत्सव.
दर नोव्हेंबरात मी ही ओळ टाइप करते.
आकडा मागच्याच सालचा,
बोटांना पाठ.

यंदा कमांडर प्यो चांग-ह्योक स्वतः आले.
निवृत्त कॅप्टन. टोपी काखेत, गुडघा कुरकुरता.
अर्ज हातानं लिहिलेला:
रेनकोट चाळीस, वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या,
आणि छपराला पत्रा,
कारण हजेरीवही भिजते.

योम दोक-ही बाई उठल्या.
"देशाची फौज देशानं पोसावी.
पैसा नाही म्हणून आमची शाळा बंद झाली,
आता आम्ही कवायतीला रेनकोट शिवायचे?"
खोटं नव्हतं त्यात काही.
शाळेच्या पटांगणात हल्ली
कुणीतरी तीळ वाळत घालतं.

"आणि चाळीस कशाला?" मागून कुणी हसलं,
"पोरं उरलीत किती?"

प्यो यांनी यादी उलगडली.
एकोणीस.
सात सोलला, पत्ता बदलायचा राहिलाय.
एक जहाजावर.
"म्हणजे अकरा."
"अकरा," ते म्हणाले. "पण ऑगस्टात दरड आली,
मधमाश्यावाले तॅक मास्तर सापडेनात,
तेव्हा त्या अकरांच्या मागे
न बोलावलेले एकोणतीस आले.
कोबीच्या मळ्यातले नेपाळी मजूर,
पोस्टमन, पाद्रीबाबा,
आणि बाई, तुमची सून. सातवा महिना, हातात बॅटरी.
सगळे प्लास्टिकच्या खतपिशव्या पांघरून.
आधी मास्तरांचा एक बूट मिळाला.
मास्तर पहाटे."

योम बाई खाली बसल्या.
बार्लीचा चहा निवत होता.
हीटरला रॉकेलचा वास.
शत्रू कोण, हे त्या दिवशी
कुणीच विचारलं नाही.
सीमा इथून चाळीस किलोमीटर,
डोंगर मात्र घरामागेच.

मला वाटलं, झालं, मंजूर.
पण अंथरुणाची लांबी भाषणानं वाढत नाही.
ठराव असा: रेनकोट वीस.
बॅटऱ्या, हो.
पत्रा पुढच्या सालच्या विचारार्थ.
योम बाईंनी हात वर केला,
पूर्ण नाही, खांद्यापर्यंत.

मी टाइप केलं. पान सत्तेचाळीस, ओळ सहा.
वीसचं गणित बसवताना
यादी पुन्हा पाहिली.
जहाजावरचा तो एक माझा भाऊ.
तीन वर्षं झाली, नाव खोडलेलं नाही मी.
खोडलं तर डोकी कमी,
डोकी कमी तर अनुदान कमी,
असं मी स्वतःला सांगते,
आणि हिशेबापुरतं ते खरंही आहे.

संध्याकाळी प्यो निघाले तेव्हा
बर्फ नव्हता, नुसती भुरभुर.
आमच्या कार्यालयातली निळी बादली
मी त्यांच्या हाती दिली,
हजेरीवहीच्या वर टांगायला नव्हे,
खाली ठेवायला.
पोचपावती घेतली नाही.