उलटं वाचन

जालन्यात, जुन्या मोंढ्याच्या मागे
बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत मी कामाला.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे,
आठव्या दिवशी फोटो, आणि माझा प्रोग्रॅम
कोंब मोजतो : सत्त्याऐंशी, एक्क्याण्णव, कधी बासष्ट.

माझा म्हणते, ते तोंडदेखलं.
माझ्या ओळी चारशे.
बाकी साडेअकरा हजार कुणाकुणाच्या,
कधी न पाहिलेल्या माणसांच्या.
कुणी रात्री जागून तारखा जुळवायचं कोड लिहिलं,
कुणी फोटो कातरायचं,
आणि ठेवून दिलं चव्हाट्यावर : घ्या, वापरा.
मी घेतलं. आडनावसुद्धा विचारलं नाही.

सोमवारी लाइट ये-जा करत होती.
घाईत नाव टाइप केलं, एक अक्षर दोनदा पडलं.
‘सापडलं नाही’ असं यायला हवं होतं.
सापडलं.
त्या चुकलेल्या नावाचंही दुकान मांडून
कुणीतरी बसलं होतं माझ्या बोटाची वाट बघत.
तीच पाटी, तेच वर्णन.
कोंबसुद्धा बरोबर मोजायचं ते,
आणि मोजता मोजता उघडायचं माझे कप्पे,
सर्व्हरची किल्ली, पासवर्ड, प्रयोगशाळेचं खातं,
गाठोडं बांधून पाठवायचं
नुसत्या आकड्यांच्या कुठल्याशा पत्त्यावर.

बुधवारी खात्यात कुणी शिरल्याचं कळलं.
मुबीननं रातोरात सगळ्या किल्ल्या बदलल्या.
पण शिरलं कुठून?
दोनशे चौदा नावांची यादी छापून घरी नेली.

बाबा एकतीस वर्षं दैनिकात मुद्रितशोधक.
एकदा त्यांच्या हातून ‘कु.’चं ‘कै.’ सुटलं
आणि चित्रकलेत पहिली आलेली पोर
सकाळच्या अंकात वारली.
तिची आई कचेरीच्या पायरीवर
अंक घेऊन बसून राहिली. काही बोलली नाही.
तेव्हापासून बाबा उलटं वाचतात,
शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे, पट्टी सरकवत.
“वळखीचा शब्द दिसला का डोळा झोपी जातो, बाई.
त्याला शब्द दिसूच द्यायचा न्हाई.”

इंग्रजी त्यांना बेताचं. म्हणाले, बरंच झालं.
अकराव्या मिनिटाला पट्टी थांबली.
“हे अक्षर दोनदा काहून?”
पुढे आणखी एकदा :
“आन् हे एल हाय का एक?”
तो एलच होता. तरी मी तपासला.

ते दुकान शुक्रवारी उठवलं गेलं.
तोवर तीनशे बारा जण माल घेऊन गेले होते.

आता प्रत्येक पोत्याची शिवण मी आधी बघते,
मोहोर जुळली तरच आत.
आवृत्त्या खिळे ठोकून पक्क्या केल्यात.
नवी आली की लगेच पेरत नाही,
आठ दिवस ओल्या कागदात ठेवते,
काय उगवतं ते बघते.
सर हसतात. मी हसत नाही.

काल जेवताना बाबा म्हणाले,
“नाव बराबर आसंल, मोहोरबी बराबर,
आन् आतला माणूसच बदलला आसंल, तर?”
हातातली भाकरी हातातच राहिली.

रात्री तारखांच्या कोडचं पान उघडलं.
नऊ वर्षं एकच माणूस सांभाळतोय.
खाली त्याच्या दोन ओळी, मार्चमधल्या :
आता होत नाही. कुणी घेईल का?
त्याखाली कालच आलेला कुणी, फार गोड :
मी आहे ना, किल्ली द्या.

किल्ली देऊ नका, असं लिहायला बसले.
लिहिलं भलतंच :
तुमच्या तारखांवर जालन्यात बियाणं तपासलं जातं.
शनिवारी दोन तास मी देऊ शकते.
तुमची तब्येत कशी आहे?

पाठवायच्या आधी
शेवटच्या अक्षराकडून एकदा वाचून घेतलं.

उत्तर नाही अजून.
आज चौदा नंबरच्या लॉटचा आठवा दिवस.
गुंडाळी सोडते.