दाढेचा शुक्रवार

म्हापशाच्या बाजारात केळ्यांची ओळ संपते
तिथे पोतं अंथरून आंतोनेत बसते,
पहिल्या बसनं खोर्जुव्याहून आलेली,
नखांत अजून तिकडचीच माती.
आठ वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते
आणि आठ वर्षं म्हणते, "वर एक घाल गो."

श्रावणभर ती गाल धरून बसायची.
माझं औषधांचं दुकान. लवंगतेल दिलं, गोळ्या दिल्या,
शेवटी म्हटलं, उपट ती दाढ,
समोरच्या जिन्यावर दाताचा डॉक्टर, अर्ध्या तासाचं काम.
"आनी हांगा कोण बसतलो? तुजो घोव?"
मी बसते, म्हटलं.

बसले.
खालून बाजार वेगळाच दिसतो:
आधी पाय येतात, मग पिशव्या, चेहरा सगळ्यात शेवटी,
आणि तोही भाजीकडे बघत.
भेंडे सात शिरांचे, शंभराला पंचवीस.
तांबड्या भाजीच्या जुड्या, दोडकी, अळू.
"वर एक घाल," पहिली म्हणाली. घातला.
"वर एक," दुसरी म्हणाली. दोन घातले.
चष्मेवाल्या एका भाटकारानं जुडी उलटीपालटी केली,
"गावठी कशावरून? बेळगावचं असेल."
मी चिडले. शपथ घेतली
त्या शेताची,
जे आठ वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मग निळ्या साडीतली ती आली, घाईत.
अळवाचं पान तिनंच उचललं. खाली एक तवशें,
पिवळंधमक, तान्ह्या मुलाएवढं जड,
देठाला केळीच्या सोपाचा दोरा.
"तवसळी करीन. केवढ्याला?"
साठ, म्हटलं, तोंडाला येईल ते.
घासाघीस न करता तिनं साठ दिले.
दोरा मी सोडवून ठेवला, पिशवीत अडकत होता म्हणून,
आणि मनात म्हटलं,
धंदा काही इतका कठीण नाही.

आंतोनेत परतली, तोंडात कापूस, ओठांवर रुमाल.
पैसे मोजले. मान हलवली, बरी.
पान उचललं.
पान परत ठेवलं. परत उचललं.

बोलता येत नव्हतं तिला.
दोरा उचलून तिनं माझ्यासमोर धरला,
मग दोन बोटांनी पोत्यावर खड्डे केले,
एक, एक, एक, सरळ ओळीत,
आणि चिमटीतून प्रत्येकात काहीतरी टाकलं
जे तिच्या हातात नव्हतं.

तेवढ्यात शिवोलीला दिलेली तिची बहीण आली,
काखेत छत्री, हातात रिकामी पिशवी.
बियाण्याचं तवशें न्यायला.

मी उठले. त्या निळ्या साडीच्या मागे
मासळीबाजारापर्यंत धावले, रिक्षांपर्यंत धावले.
त्या दिवशी म्हापशात सगळ्याच साड्या निळ्या होत्या.

दुपारी ती दुकानात आली, दुखण्यावरच्या गोळ्या घ्यायला.
राहू दे गो, म्हटलं.
तिनं छापील किंमत वाचली, रुमालाची गाठ सोडली,
चाळीस रुपये मोजून काचेवर ठेवले.
वर एक मागितली नाही.

पुढच्या शुक्रवारी गालाची सूज उतरली होती
आणि आवाज परत आला होता, सगळाच्या सगळा.
केळ्यांच्या ओळीला पुरेल इतकं बोलली मला.
साठ रुपये? बियाण्याचं कोणी विकतं?
तुझ्या दुकानातलं विष मी कोणाला साठ रुपयांत दिलं असतं तर?
मी उभी राहून ऐकलं.
मग दम खाऊन म्हणाली,
"आसा आनीक एक. वेलार.
पूण तुका दाखोवची ना."

बरं, म्हटलं. शंभराचे भेंडे घेतले.
तिनं पंचवीस मोजले, मी पिशवी पुढे केली
आणि जीभ, सवयीची मेली,
"वर एक..." एवढं बोलून थांबली.

आंतोनेतनं माझ्याकडे पाहिलं.
टोपलीत हात घालून बराच वेळ शोधत राहिली,
आणि सगळ्यात बारका, वाकडा,
किडीनं एका शिरेवर चाखलेला
भेंडा काढून वर घातला.