पंपाची किल्ली

तुझं पत्र छापून आणलं, पानाचे दहा रुपये.
खालच्या हर्षदाने मराठीत वाचून दाखवलं:
मी, नूतन, माझ्या आईला भेटीला बोलावते आहे.
तिकीट माझं, जेवणखाण माझं, दुखलंखुपलं माझं,
आणि तीन महिन्यांनी ती परत जाईल, ही हमी माझी.
हर्षदा तिथे हसली.
बारा वर्षं झाली, तू दोन वर्षांसाठी गेली होतीस.

मी सहीकडे बघत होते.
शेवटचा फराटा बाबांसारखाच,
वर जाऊन मोडलेला.

मग कागद.
वॉर्ड ऑफिसच्या दाखल्यावर बाबा 'दत्ताराव' झाले होते.
माणूस जायला एक रात्र लागली,
'व'चा 'म' व्हायला सात आठवडे.

फॉर्म भरणाऱ्या पोराने वैवाहिक स्थिती विचारलीच नाही,
कपाळाकडे बघून बटण दाबलं.
आधीचं नाव मात्र विचारलं.
मैना भिकाजी मेस्त्री, मी म्हटलं,
आणि बाजूच्या खुर्चीकडे बघितलं,
कुणी ओ देतंय का.
स्पेलिंग सांगा मावशी, तो म्हणाला.
मैनाला कुणी इंग्रजीत हाक मारली नव्हती रे बाबा,
तूच घाल काहीतरी.

ठसे उमटेनात. अंगठा तीनदा, तर्जनी चारदा.
काय काम करायचात? तिथल्या मुलीने विचारलं.
गुंड्या आणि काजं, एकोणतीस वर्षं.
तिने ओल्या कागदाने माझी बोटं पुसली एकेक,
जेवल्यावर तुझी पुसायचे तशी,
तेव्हा कुठे यंत्राने मला ओळखलं.

हर्षदाच्या भावाने पढवून ठेवलं होतं,
एकटी बाई म्हणजे त्यांना दावं तोडलेली गाय वाटते.
खुंटा दाखवा, मावशी, खुंटा!
म्हणून खोलीचे कागद, पेन्शनचं पासबुक,
बँकेतली ठेव, सोसायटीची पावती,
सगळं प्लास्टिकच्या फाइलीत, छातीशी धरून
बीकेसीत दोन तास रांगेत.

काचेपलीकडे तुझ्याहून लहान पोरगा,
त्याच्या शेजारी मराठी बोलणारी बाई.
परत का याल?
फाइल त्याने मागितलीच नाही.
आणि माझ्या तोंडून निघालं,
आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप मी लावते.
पहाटे पाच दहाला. मालक गेल्यापासून.
बावीस घरं आहेत.
त्या बाईने इंग्रजीत सांगितलं,
माझ्यापेक्षा तिचं लवकर संपलं.
दुसरं कुणी नाही लावायला?
आहेत की. पण पंप हवा धरतो,
आधी वाटीभर पाणी ओतावं लागतं.
विसरतात.

त्याने पासपोर्ट ठेवून घेतला.
मी घाबरले. हर्षदा म्हणाली, ठेवला म्हणजे मिळाला.
कन्नमवार नगरात पेढे तिनेच वाटले.

तुला एक सांगायचं राहिलंय.
बाबांच्या वेळी तुझे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते,
निघालीस तर परत घेणार नव्हते तुला.
टागोर नगरला दाहिनीसमोर फोन उंच धरून उभी होते मी,
तुला नीट दिसावं म्हणून.
आई, जरा डावीकडे, तू म्हणालीस,
मी डावीकडे केला.
माझं बघायचं राहूनच गेलं.

आता रोज तिकिटाची तारीख विचारतेस.
थांब जरा.
शेवाळेंच्या मुलाला शिकवते आहे,
आधी वाटी, मग बटण,
मग कान देऊन उभं राहायचं,
पाणी चढलं की आवाज जाड होतो.
पोरगा गुणी आहे, मान डोलावतो.
किल्ली अजून माझ्याच गळ्यात, काळ्या दोऱ्यात.
देईन.
काल तो वाटी न घेताच आला होता.