मचूळ

घाट उतरून बस थांबली तेव्हा
गाव अजून ढगात बुडालेलं होतं;
नुसता चर्चचा घुमट वर, पालथ्या वाटीसारखा.
सान आन्तोलिन. होन्डुरासच्या डोंगरातली खोलगट ओंजळ.
मी एका दिवसासाठी आले होते.
पुढच्या रस्त्यावर दरड कोसळली
आणि एकाचे चार झाले.

डिसेंबर. तोडणीचे दिवस, शाळेला सुट्टी.
शाळेच्या मैदानावरसुद्धा कॉफी वाळत घातलेली;
पोरं कडेकडेने चेंडू खेळतात,
बी तुडवलं की कुणाचीही आई ओरडते.
संध्याकाळी बायका उतारावरून खाली येतात,
कमरेला टोपली, बोटं काळी-चिकट.
मुकादम पत्र्याच्या डब्याने फळं मापतो,
डबा हलवून हलवून भरतो.
निकोलासा म्हणते, "हलवू नकोस रे,
आत्ता कुठे झोपलीयेत ती."

दोन एउसेबियो इथला चव घेणारा.
दोन म्हणजे आकडा नव्हे, आपलं 'राव'.
चाळीस वर्षं गावाचा भाव
त्याच्या जिभेवर ठरत आलाय.
लांब टेबल, कपांची रांग,
वरचा थर चमच्याने फोडायचा, नाक बुडवायचं,
मग भुरका, असा की खिडकीची काच थरथरावी.
आमच्या घरी भुरक्याला डोळे वटारायचे,
इथे त्याचा पगार मिळतो.

शेजारी वही घेऊन नात, ओडिलिया. बारा वर्षांची.
तीही चाखते. शिकतेय, म्हणे.
दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं:
आकडा सांगण्याआधी म्हातारा
तिच्या पेन्सिलीकडे बघतो.
पेन्सिल टेबलावर वाजते,
कधी एकदा, कधी तीनदा.

रात्री खानावळीत त्रान्सितोला विचारलं.
मक्याची भाकरी उलटत, तव्याकडेच बघत ती म्हणाली,
"दोन वर्षं झाली. तापात वास गेला त्याचा.
वासामागोमाग चव."
कुणाकुणाला माहीत आहे?
"सगळ्यांना."
आणि त्याला माहीत आहे का, की सगळ्यांना...
तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली,
न विचारता.

तिसऱ्या दिवशी ओडिलियाला सर्दी झाली.
नाक लालबुंद, डोळ्यांत पाणी,
पेन्सिल हातात नुसती धरलेली.
दरडीमुळे अडकलेला व्यापारी दाराशी
घड्याळ बघत उभा.
म्हाताऱ्याने खोलीभर नजर फिरवली
आणि चमचा माझ्यापुढे धरला.

मी जन्माची चहाबाज.
स्पॅनिश माझं तिकीट काढण्यापुरतं.
पहिला कप घेतला आणि मराठीत बोलत सुटले:
आंबूस, पण चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं,
आणि मागून, थांबा हं, मागून काकवी.
दुसरा करपट. तिसरा तुरट, जिभेला पकडून ठेवणारा.
तो ऐकत नव्हताच.
माझ्या भुवया बघत होता, गळा बघत होता,
गिळते की थुंकते, किती वेळाने.
पंच्याऐंशी, लिहिलं त्याने. अठ्ठ्याहत्तर. ब्याऐंशी.
पाचव्या कपाला मी म्हटलं, "मचूळ,"
शब्द पुरा व्हायच्या आत त्याने काट मारली.
"माचुल," म्हणाला दोनदा,
आणि शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिलं.
व्यापाऱ्याने मान डोलावली.

रस्ता मोकळा झाला. बसपाशी
ओडिलिया आली, बाही नाकाला लावून.
"माचुल म्हणजे काय?"
पाणी, पण... विहीर, पण...
मला सांगता येईना. तोंड करून दाखवलं.
तिने तसंच तोंड केलं, मान तिरकी करून तपासलं,
पुन्हा केलं.

पिशवीत म्हाताऱ्याने दिलेली पुडी होती.
घरी आल्यावर उकळली.
दूध घातलं, दोन चमचे साखर घातली.
माफ करा, दोन एउसेबियो.
भुरका मात्र मारला,
काच थरथरली नाही.