मणिकाकाचा दात

आमची शाळा भरते रात्री साडेआठला,
कुकरची तिसरी शिट्टी हीच घंटा.
वर्गात एक ऋजुता, एक मी,
आणि विश्वामित्रीत राहणारा मणिकाका मगर.
गुजराती बोलतो. चिडला की मराठी.

मराठीत मगर 'ती', गुजरातीत 'तो',
यावर पहिल्याच दिवशी आमचं वाजलं.
ऋजुतानं निकाल दिला:
पोहताना ती, बोलताना तो.
लिंगविचाराचा धडा तिथंच आटोपला.

भीमनाथ पुलाखाली सेव-उसळ आली की
मणिकाका एका पावाचे चार तुकडे करतो,
तीन स्वतःला, एक बगळ्याला.
'पाऊण' तिला असा सापडला,
बगळ्याच्या बाजूनं भांडता भांडता.
नदी पावागडावरून निघते हे तिला पाठ आहे,
कारण मणिकाकाची आत्या तिकडं असते
आणि तिला पाठवायची पत्रं
प्रवाहाच्या उलट पोहून द्यावी लागतात.

मी मकरपुऱ्यात दिवसभर बेअरिंगा तपासतो.
एकदा व्हर्निअर घरी आणला, न विचारता.
फरशीवर खडूनं जबडा काढला,
एकेक दात मोजला. दशांशचिन्ह
दोन दातांच्या फटीत नेमकं बसलं.
चौदावा दात माझ्या कोपरानं पुसला गेला.
"पडला," ती म्हणाली. "आता नवा येईल?"
मला माहीत नव्हतं. फोनला विचारलं.
येतो म्हणे, पडला की येतो, कितीतरी वेळा येतो.
एवढं त्या यंत्राचं देणं लागतो मी,
नाही म्हणणार नाही.

"एआय सगळं शिकवतो रे आता,"
ताई नाशिकहून सांगते,
"तू कशाला घसा कोरडा करतोस?"
घसा कोरडा होतो, हे तिचं खरंच आहे.

त्या गुरुवारी ऑडिट होतं.
शर्वाणीची हॉस्पिटलात रात्रपाळी,
माझ्या डोक्यात नुसते आकडे, गोष्ट एकही नाही.
फोनला म्हटलं, बडोदा, मगर,
आठ वर्षांची मुलगी, दशांश अपूर्णांक.
पाणी प्यायला वळलो तेवढ्यात गोष्ट तयार.
चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली.
पाण्यात चंद्र होता, शेवटी बोध होता,
एक उपमा तर मी दोनदा वाचली, मलाच आवडली म्हणून.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं,
"हा कुठला मणिकाका?"
"आपलाच."
"आपल्याचा दात ठणकतोय सोमवारपासून.
हा तर काहीही चावतोय."

विसरलो होतो.
सांगितलं असतं तर फोननं दातही लिहिला असता,
ठणकासुद्धा लिहिला असता, कदाचित उत्तम.
पण सांगणार कोण?
सोमवारी फक्त आम्ही दोघंच होतो तिथं,
आणि त्यातल्या एकाला आठवत नव्हतं.

"सरक," ती म्हणाली, "आज मी सांगते."
तिच्या गोष्टीत आत्या आली, लवंगेचं तेल आलं,
ऑडिटवाला आला आणि नदीत पडला,
बगळ्यानं त्याच्याकडून पाऊण पाव आणि अर्धा पाव
असा एकूण सव्वा पाव दंड घेतला.
'सव्वा' मी तिला शिकवला नव्हता.
कुठून आला, विचारायचं राहिलं.
दंड भरेपर्यंत मी जागा होतो,
पुढचं मला ठाऊक नाही.

सकाळी शर्वाणी दारातच थांबली,
चपला हातात घेऊन,
फरशीवर पाय कुठं ठेवावा ते कळेना.
जबडा पुन्हा काढलेला. चौदाव्या जागी
तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका,
शेजारी उघडा व्हर्निअर,
आणि खडूनं, तिरक्या अक्षरात:
१.४ मिमी. बाबा, हात लावू नको.