सौंदाळ्याएवढा

मध्यम सौंदाळ्याएवढा. मोजून तेरा इंच.
पेटी उघडली तेव्हा वाटलं, हा नुसता नमुना असेल,
खरा सॅक्सोफोन मागाहून येईल.

कायतानमास्तरांचा भाऊ तारवटी होता.
हॅम्बर्गच्या कुठल्याशा दुकानातून त्याने हा आणला,
फेस्ताच्या बँडात वाजवायला उभा राहिला
तर लोक म्हणाले, त्यापरीस पिपाणी बरी.
मग अठरा वर्षं हा लोकरीच्या मोज्यात झोपून होता.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
किती लाद्या, कुठली होडी, कुणाची उधारी.
वय एक्केचाळीस.
आई म्हणाली, या वयात बाईने फुंकायची ती चूल.
मास्तर म्हणाले, "येवंदे गे तिका. वारो सगळ्यांचो सारखोच."

नळी इतकी तोकडी
की वरच्या सप्तकाचं भोक तिच्यात मावलंच नाही,
ते माउथपीसवर पाडलंय.
ओठांपासून पेरभर अंतरावर सप्तक बदलतं.
माझ्या इतक्या जवळ आजवर काहीच बदललेलं नव्हतं.

रीड मिळत नाही. क्लॅरिनेटची आणायची,
ब्लेडने बूड छाटायचं, ओल्या काचेवर घासायची,
पाचांतली एक बोलते.
बोटं एकमेकींच्या अंगावर चढतात,
ओठ केसभर सैल पडला की सूर घसरतो,
शेवाळल्या धक्क्यावर चप्पल घसरावी तसा.
केसभर आवळला की किंचाळतो.
"चावतंस कित्याक? ता काय ऊस आसा?"

घरी फुंकला तर भिंतीपलीकडून रेडकरीण ओरडली,
कुकर उतरव गे, चार झाल्या!

म्हणून क्रशरपाशी.
पहाटे चारला लाद्या दळायला घेतात,
त्या घरघरीच्या पोटात एवढासा सूर
सहज लपेल, असा माझा हिशेब.
तीन महिने लपवला.

मार्गशीर्षातला गुरुवार, मासळीला उठाव नाही,
आणि वीज गेली.
क्रशर थांबला. मी थांबले नाही,
थांबायलाही थोडा वेळ लागतो.
काळोखात माझा सूर एकटाच उभा,
अंगावर काही न घेता.
धक्क्यावर पाट्या भरणाऱ्या बायका,
जाळ्यातले खेकडे सोडवणारा तांडेल,
सगळे गप्प.
मग कुणीतरी म्हणालं,
"गिरपांची वना ती. रोजचाच आसा तिचा."

रोजचाच!
घरघर जड असते, ती जमिनीलगत बसते,
बारीक सूर तिच्या डोक्यावरून चालत
थेट बंदरापर्यंत जायचा.
लपायला मी नेमकी तीच जागा निवडली होती
जिथून सगळ्यांत लांब ऐकू जातं.

त्यानंतर आठवड्याने वरचा दो लागला.
शेवटचा, टोकाचा.
मास्तरांनी मान हलवली.
पुन्हा घ्यायला गेले तर श्वासच संपला,
नुसती बोटं दाबली गेली, आवाज नाही.
मास्तरांनी तशीच मान हलवली.

मी वाद्य खाली ठेवलं.
ते बराच वेळ रीडच्या डबीचं झाकण फिरवत राहिले.
"तो सूर माका धा वर्सां आयकाक येणा नाय.
ढोलाच्या बाजूक चाळीस वर्सां उभो रवलंय मी."
मग एवढे दिवस?
"तुझ्या गळ्याची शीर बघतंय.
आणि त्या बोक्याचे कान."

बोका खिडकीत बसलेला असतो, एक कान फाटका.
आता मीही त्याच्याकडे बघते.
दो लागला की फाटका कान आधी वळतो.

काल बोका नव्हता.
होड्या लागल्या होत्या, तो बंदरावर असणार.
मी डोळे मिटून वरचा दो धरला,
खूप वेळ धरला, लागला की नाही
माझं मलाच सांगता येईना.
डोळे उघडले तेव्हा मास्तर
माझ्या गळ्याकडे बघत होते,
मग रिकाम्या खिडकीकडे,
मग पुन्हा गळ्याकडे.
म्हणाले, "परत."